तूच ठरव

घरी तो काहीच ठरवत नाही.
बीटाचं सूप की बटाट्याचं, पडदे निळे की राखी,
मागचं सफरचंद यंदा छाटायचं की राहू द्यायचं,
तूच ठरव, म्हणतो रिमगाउदास
आणि गुडघ्यांवर बर्फाची पिशवी धरून बसतो.

तीस वर्षं मीच ठरवते आहे.

बाहेर मात्र दहा-बारा हजार माणसांसमोर
दोन मीटर उंच पोरांच्या कोपरांखालून वाकून बघत
डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यानं ठरवलेलं असायचं
हात चेंडूला लागला की मनगटाला.
पंचांमुखी परमेश्वर, म्हणतात.
याच्या मुखी शिट्टी.
सामन्याहून परतला की मी ती
मिठाच्या कोमट पाण्यात टाकून ठेवायचे.

सुरुवात उतेनाच्या शाळांमधून.
मानधन म्हणजे बसचं भाडं, वर एक सॉसेज.
जानेवारीत हॉल इतका गार
की खेळणाऱ्यांच्या डोक्यांतून वाफ निघायची.
मी गुण लिहायला टेबलावर होते
तेव्हा माझ्याच भावाला त्यानं पाचवा फाउल दिला
आणि बाहेर बसवलं.
भाऊ माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही.
त्याच्याशी त्याच संध्याकाळी बोलला.

मग मोठी लीग, पहाटेची विमानं.
हॉटेलांतून आणलेले साबण
आमच्या न्हाणीघरात एकाच वाडग्यात झिजायचे,
बेलग्रेड, इस्तंबूल, मालागा,
शेवटी सगळ्यांचा मिळून एक करडा गोळा.
मुलीला चालायला लागलेलं त्यानं फोनवर ऐकलं.
पावलं ऐकू येत नाहीत, म्हणाला,
फोन जमिनीजवळ धर.

आणि तो जून.
एक पूर्णांक चार सेकंद उरलेले, आपलं गाव एका गुणानं पुढे,
आणि त्यानं शिट्टी वाजवली गेडवीनासवर.
दोन फ्री थ्रो. दोन्ही आत.
गावचाच पंच, म्हणून राग दुप्पट.
रात्री स्वयंपाकघरात आवाज बंद करून
त्यानं ते चाळीस वेळा पाहिलं.
बोटं चेंडूवर होती. फक्त चेंडूवर.
अहवालात त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, चुकलो.
मला काही बोलला नाही. कागद तेवढा टेबलावर ठेवला,
मीठदाणीखाली.

दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईनं
माझ्याकडे न बघता कालचा पाव दिला.
मी घेतला.
शिळ्या काळ्या पावाची गिरा चांगली आंबते.

गेडवीनासनं पुढे ड्रायव्हिंग स्कूल काढलं.
आमची मुलगी त्याच्याकडेच शिकायला गेली, मुद्दाम की काय कोण जाणे.
पहिल्याच दिवशी तो म्हणाला,
वडलांना सांग, माझा हात लागला नव्हता.
तिनं सांगितलं.
मला माहीत आहे, हा म्हणाला, सांग त्याला.
सरावाच्या परीक्षेत त्यानं तिला नापास केलं.
ती रडत आली. यानं तिला समोर बसवून
चौक कुठला, दिवा कुठला, समोरची गाडी किती लांब,
सगळं नीट विचारून घेतलं.
मग म्हणाला, तू सिग्नल दिला नव्हतास. बरोबर आहे त्याचं.

आता डॉक्टर म्हणते, वरच्या पट्टीतलं गेलंय.
शिट्टीनं आपल्यासारखे सगळे आवाज
एकेक करून बाहेर काढले.
किटली ओरडत असते आणि हा शेजारी बसून
शांतपणे शब्दकोडं सोडवत असतो.
मी उठते, गॅस बंद करते.

काल अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता,
पूर्वी टाइम-आउटमध्ये राहायचा तसा.
म्हणाला,
या वर्षी चंडोल आलेच नाहीत. हो ना?

सकाळपासून शेतावर होते. तीन तरी.
मी चादरी वाळत घालत होते.
ओठांत धरलेला चिमटा
मी काढला नाही.