खात्री करण्यासाठी फोन येईल

मी कुणाचं काही देणं लागत नाही.
आधीच सांगून ठेवते,
कारण कागद वेगळं बोलतो.

कागदात मी स्कूटर घेतलीय.
रंग लिहिलेला नाही, मी मनानंच जांभळा धरलाय.
एक मोबाइल, बेचाळीस हजारांचा.
आणि राहते मी हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर.
मला सायकलसुद्धा येत नाही ओ.
अशोक चौक ओलांडताना
अजून पदर खोचून दोन्हीकडं बघते.

बँकेतली बिराजदारांची शलाका, पोरगी चांगली.
पंखा माझ्याकडं वळवला, पाणी दिलं,
म्हणाली, अक्का, चोरी झालीय.
मी पिशवी चाचपली.
पिशवी नाही ओ, म्हणाली,
तुमची. तुमच्या नावाची.

मग जेल रोड ठाण्यात अर्ज,
पाचशेचा मुद्रांक, त्यावर शपथेनं लिहून दिलं
की रेणुका व्यंकटेश कोंगारी ही मीच,
दुसरी जी कोण असेल ती माझ्या ओळखीची नाही.
नोटरी म्हणाला, तुम्हाला ओळखणारं कोण आहे?
समोरच्या चहावाल्यानं सही केली.
त्याच्याकडं मी दोनदाच चहा प्यायले होते.

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं.
कर्जाच्या फाइलीवर सूचना लावलीय:
या नावानं फसवणूक झाली आहे,
कर्ज देण्याआधी खात्री करावी.
वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
दाराला कुलूप लागलं एकदाचं.
मी आत आहे का बाहेर,
ते त्या दिवशी बघितलं नाही.

साखर पेठेत एक ओव्हरलॉक मशीन निघालं होतं,
जुनं, पण मोटर नवी. अठ्ठावीस हजार.
टॉवेलच्या कडा घरी मारल्या असत्या, डझनावर,
शेठच्या भोंग्याशिवाय.

पहिला म्हणाला, सिस्टीम घेत नाही.
दुसरा म्हणाला, हे तुमच्याच भल्यासाठी आहे, मावशी,
आणि भलं माझ्यासमोर परत सरकवलं,
झेरॉक्ससकट.
तिसऱ्यानं अर्ज घेतला.
म्हणाला, खात्री करण्यासाठी फोन येईल.
उचला म्हणजे झालं.

चाळीस मागांच्या मधी बसते मी.
धोटा इकडून सुटतो, तिकडून सुटतो,
बाई बाईशी ओठांनी बोलते.
घंटी कुणाची ऐकू येणार?
थरथरीवर ठेवून फोन कमरेला खोचला.
पण इथं सगळंच थरथरतं की.
फरशी, खिडकीची काच, डब्यातलं अंबाडीचं वरण,
माझी दाढ.

चार मिस कॉल.
मग मेसेज: ग्राहकाशी संपर्क झाला नाही. अर्ज बंद.

अप्पा जेकार्डची पत्ती पाडायचे.
म्हणायचे, एक भोक चुकीचं पडलं
की मोराची मान मोडते,
आणि मोडलेल्या मानेचा मोर
शंभर चादरीत उतरतो.
माग बिचारा काय बघतो? भोक बघतो.

कधी सात रस्त्याला उभी राहते बसची वाट बघत,
तर पुण्याचा नंबर असलेली स्कूटर दिसली
की मान आपोआप वळते.
राग नाही येत आता रोज रोज.
एवढंच वाटतं, तिच्या घरी शांतता असेल.
तिचा फोन
पहिल्या घंटीला उचलला जात असेल.

मशीन गेलं. कुणी कुचन नगरचा घेऊन गेला.
मी परत अर्ज टाकलाय.
जेवणाच्या सुट्टीत सुताच्या गासड्यांमागं जाऊन बसते,
तिथं आवाज जरा कमी येतो.
फोन हातात, भाकरी मांडीवर.
नरसव्वा विचारते, कुणाशी बोलतीस गं एकटीच?
सवय करतेय, म्हटलं.

हॅलो. होय. मीच बोलतेय.
जन्मतारीख सांगते, आईचं नाव सांगते,
फक्त जरा मोठ्यानं बोला की ओ.