मटाम

कुहीच्या पुढे, आंभोऱ्याच्या रस्त्याला
मिरचीचे सातरे संपले की डावीकडे एक उंचवटा.
टेकडी म्हणावी तर आसपास दगड नाही,
गढी म्हणावी तर भिंत नाही.
वर लाकडी माडी होती म्हणतात,
ती वाळवीने कधीच आपल्या नावावर केली.

मी तेहतीस वर्षं मातीकाम मोजलं.
तलाव, नाले, पांदणरस्ते.
ढीग दिसला की हात अजूनही
खिशातल्या टेपकडे जातो.

पायथ्याचा घेर दोनशे दहा पावलं,
माथ्याचा सत्तर.
उंची चार पुरुष.
सिगरेटच्या पाकिटावर हिशेब केला:
साडेसहा हजार घनमीटर,
म्हणजे सव्वातीन लाख टोपली.
चुंबळ, टोपलं, चढ,
रिकामं टोपलं, उतार.
हजेरीपट कुठेच नाही.

जिथून माती निघाली त्या खंदकात आता शिंगाडे.
शालिक मारबते डोंग्यातून तोडत होता.
"काय पाहून राह्यले जी? मातीच हाय."
"राजा कोण होता?"
"कोनाले मालूम! बसाले उंच जागा लागे त्याले."
आणि ओंजळभर ओले शिंगाडे
त्यानं माझ्या रुमालात टाकले.

खोदकामात आम्ही मधे एक खांब सोडायचो
न खणलेल्या मातीचा. मटाम.
किती खोल गेलो त्याचा साक्षीदार.
मोजणी झाली, बिल निघालं, की तो पाडायचा.

उमरेडकडे एका तलावावर
पार्बता उईके रोज विचारायची,
"खांब कवा पाडता, साहेब?"
तो उभा, तोवर मजुरी नाही.
मी म्हणायचो, सोमवारी.
असे किती सोमवार.
मग माझी बदली झाली, तलाव भरला,
खांब पाण्याखाली उभाच असेल, किंवा विरघळला असेल.
तिचे अकरा दिवस
माझ्या जुन्या वहीत आहेत, पेन्सिलीने.

हाही कोणी पाडलेला नाही.
म्हणजे मोजणी बाकी आहे.

माथ्यावर बोरीची जाळी, शेळीच्या लेंड्या, वारा.
शिंगाडा सोलताना त्याचं शिंग
अंगठ्यात घुसलं.
पुसायला कागद शोधला तर
ते हिशेबाचं पाकीटच हाती आलं.

खालून शालिक ओरडला,
"उतरा जी, कडेले नोका राहू,
तिथली माती पोकळ हाय."