पत्ता

कापडणीस बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी
कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या,
डांबरगोळ्या तेवढ्या बदलत जा, दर सहा महिन्यांनी.

आत सगळी वाळलेली झाडं,
कागदाला दोऱ्यानं शिवलेली.
खाली उजव्या कोपऱ्यात
ज्याचं त्याचं नाव, गाव, तारीख.
मी प्रयोगशाळेतला शिपाई,
लॅटिन मला येत नाही.
पत्ता वाचता येतो.

म्हणून रविवारी लुना काढली.

कळलावी : नासर्डीचा काठ, १९६८.
तिथं पार्किंग आहे आता.
वॉचमननं विचारलं, कोणाकडं जायचंय?
कळलावीकडं, म्हणालो.
त्यानं वही उलटून पाहिली.
ह्या विंगमध्ये नाय.

सीतेची आसवं : सातपूर, ओलसर गवत.
गवत नाही, ओल नाही,
ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यावर एक कुत्रं
सावली सरकेल तसं सरकत होतं.

मेडशिंगी : म्हसरूळ, टेकडीचा उत्तर उतार.
टेकडी अर्धीच शिल्लक,
उत्तर उतार ट्रकात बसून गेला.
खालच्या वस्तीतली बाई हंडे मांडता मांडता म्हणाली,
आमच्या आडाला पूर्वी मे महिन्यातबी पाणी असायचं.
वर झाडं होती तेव्हा पाऊस मुळांपाशी टेकायचा,
दम खाऊन उतरायचा.
आता येतो तोच पळतो, जाताना माती उचलून नेतो.
टँकर मार्चपासून.

असे एकोणतीस पत्ते. बावीस ठिकाणी कोणी नाही.

शेवटी अंजनेरीला गेलो, खर्पुडी शोधत.
वनरक्षक लहानू बेंडकोळी पुढं चालत होता,
एके ठिकाणी गुडघ्यावर बसला,
करवंदीची काटेरी फांदी अलगद बाजूला केली.
वीतभर वेल. एक फूल,
जुन्या कंदिलाच्या काचेएवढंही नाही,
करंगळीच्या पेराएवढं.
आम्ही दोघंही जरा वेळ बोललो नाही.

मी खिशातून पेन काढलं
तसा त्यानं माझा हात धरला.
लिहू नका साहेब. कंद गोड असतो हिचा.
पत्ता फुटला की खणून नेतात.

मला आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं.

सोमवारी कपाट उघडलं,
डांबरगोळ्या बदलल्या.
एक कोरा कागद घेतला, दोरा नाही, रोप नाही.
कोपऱ्यात लिहिलं,
नाव : खर्पुडी.
ठिकाण :
इथं हात थांबला.
मग लिहिलं, आहे.