सूतभर

मी आत शिरले की रिव्हेटच्या बंदुका क्षणभर थांबतात,
मग पुन्हा सुरू होतात, जरा जास्तच शहाण्यासारख्या.
कुणीतरी म्हणतं, सरकार आलं.
सरकारच्या हातात टॉर्च,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा,
आणि गुडघ्यांना बांधलेले पॅड,
कारण सरकार त्रेपन्न वर्षांचं आहे.

विचिटा, कॅन्सस.
बाहेर नजर ठेचकाळावी असं काही नाही,
फक्त गहू, आणि गव्हाची उंच कोठारं.
आत हिरवा रंग दिलेली विमानांची धडं,
ना डोकं ना पंख.
गुरुवारी ती रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढतील
आणि शेतांमधून जमिनीवरूनच
पहिला प्रवास करतील.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत
रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट जागा हवी.
एवढाच माझा धर्मग्रंथ.
सूतभर कमी पडलं तर मी लाल चिठ्ठी लावते,
आणि ब्रेडी हॅलोरन घड्याळ बघतो,
मग मला बघतो, मग पुन्हा घड्याळ.
या कामात काणाडोळा करायलासुद्धा
आरसा आत घालावा लागतो.

रिव्हेट ठोकायला दोघं लागतात.
एक बाहेर, बंदूक घेऊन.
एक आत, पोलादी ठोकळा धरून, अंधारात, वाकून.
एकमेकांचं तोंड दिसत नाही.
आतला पत्र्यावर ठोकून सांगतो:
एकदा, ठीक.
दोनदा, अजून थोडं.
तीनदा, काढ, चुकलं.

एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीत मी आत होते.
बाहेर लेस्टर कोएन.
त्याचा हात त्या हिवाळ्यापासून थरथरायला लागला होता
आणि हे त्याची बायको, मी
आणि त्याचा कॉफीचा कप, एवढ्यांनाच ठाऊक होतं.
सतराव्या चौकटीतलं भोक कडेला सरकलं.
सूतभर. मोजायला पट्टी लागली नाही.
मी ठोकळा धरून बसले.
बाहेरून तो म्हणाला, ठीक ना, रोंडा?
मी एकदा ठोकलं.

त्या विमानाचा नंबर दोनशे चौदा.
लेस्टर गेला त्याला वीस वर्षं झाली.
मी सरकारात आले, शिक्का मिळाला, चष्मा लागला.
विमानतळावर माणसं फाटक क्रमांक बघतात,
मी शेपटीवरचे आकडे बघायचे.
रात्री बातम्यांत कुठलं विमान आलं
की आधी तेच, मग मेलेली माणसं.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
चर्चमध्ये सुद्धा नाही.

काल थुईने आतून तीनदा ठोकलं.
माझा आरसा अजून तिथवर पोचलाही नव्हता.
ब्रेडी म्हणाला, गाडी उभी आहे.
तिनं पुन्हा ठोकलं, तीनदा, तितक्याच सावकाश.
एकवीस वर्षांची पोर, नाकाला अल्युमिनियमचा भुगा.
मी काही बोलले नाही. बोलायला माझं तोंड कुठलं.

आणि गेल्या एप्रिलात, सुट्टी टाकून,
स्वतःच्या पेट्रोलनं ॲरिझोनाला गेले होते.
वाळवंटात दोनशे चौदा कापायला आणलं होतं.
पहारेकरी म्हणाला, अर्धा तास, आणि साप बघून.
डावी बाजू. सतरावी चौकट.
भोक नव्हतं.
त्यावर पत्र्याचं ठिगळ होतं, कोपरे गोल काढलेले,
रिव्हेटच्या दोन रांगा सुतासारख्या सरळ,
खाली एक शिक्का, देश वाचता येईना इतका पुसट.
कुठल्या गावात, कुठल्या रात्रपाळीत
कुणीतरी इथे गुडघे टेकले होते,
टॉर्च मारला होता,
आणि ज्याची काहीच चूक नव्हती त्यानं
तीनदा ठोकलं होतं.

ठिगळ उन्हानं तापलेलं होतं.
हात ठेवला, भाजला, तरी ठेवला.
बाहेरून पहारेकऱ्यानं विचारलं, सगळं ठीक?
मी बोटाचं पेर वाकवलं.
किती वेळा ठोकावं, ते सुचेना.