रकाना चौदावा

कुडचड्याच्या कंपनी ऑफिसात, खनिजाच्या पावत्यांशेजारी
एक कपाट फुटबॉलचं.
त्याची किल्ली अठरा वर्षं माझ्या कमरेला.
मी खेळलो नाही कधी. माझा डावा पाय आखूड.
मी नोंदणी केली.

लीग आली ती फॅक्सवर,
गुंडाळीच्या कागदावर, कडा वळलेल्या:
एक सामना घरी, एक परक्या गावी,
जिंकलात तर तीन, बरोबरीला एक,
तळाचे दोघे खाली.
तो कागद आता कोरा झालाय, फॅक्सची शाई टिकत नाही.
मला पाठ आहे.

परकं गाव म्हणजे केवढं परकं!
कोलकात्याला दोन रात्री. कायतान बार्रेटु, आमचा गोलकीपर,
बर्थवर मावायचा नाही;
दाराशी बसून असायचा, हातमोजे मांडीवर,
येणाऱ्या प्रत्येक खांबाकडे बघत.
पुंडलीक गावस धुतलेल्या जर्सी खिडकीच्या गजांना बांधायचा.
सबंध ओरिसाभर
आमचे अकरा नंबर फडफडत गेले.

आणि ओबिओरा, लागोसहून आलेला.
फॉर्मवर आईचं नाव लिहायला जागा दोन बोटं.
तो म्हणाला, आई एवढी लहान नाही.
मी खाली कागदाची पट्टी डकवली.
फेडरेशननं ती फाडली नाही, हे त्यांचं मोठेपण.

एका मोसमात आम्ही उतरलो. एका गोलाच्या फरकानं.
मीच बेरीज केली, मीच पुन्हा केली,
मग वही कायतानकडे सरकवली. त्यानं वाचली नाही.
पण खाली म्हणजे खाजणात उतरण्यासारखं होतं तेव्हा.
चिखल लागतो, भरती येते, माणूस वर येतो.
आलो. पुढच्याच वर्षी.
रात्री अडीचला सावर्ड्याच्या पुलावर कुणीतरी ट्रकचा हॉर्न
पाऊण तास दाबून धरला होता.

मग खाणी थांबल्या.
झुवारीत बार्जी उभ्या राहिल्या, आधी रांगेत, मग कशाही.
पगाराचं पाकीट पातळ, बुटांचं बजेट त्याहून.

नवी लीग आली ती मेलवर. एकशे बारा पानं.
त्यात तळाचे दोघे कुठं जातात ते मी दोन दिवस शोधलं.
कुठंच जात नव्हते.
फोन लावला. विचारलं, मग वर कोण येतं?
पलीकडची मुलगी गोड बोलली:
सर, बोली लावावी लागेल.

तरी अर्ज भरला. सवयीनं. निळ्या शाईत.
रकाना नववा: मैदानावरचा प्रकाश, लक्समध्ये.
तिथं आडवी रेघ.
रकाना चौदावा: युवा विभाग, मैदानाचा तपशील.
इथं मात्र मी जागा पुरी पडू दिली नाही.
लिहिलं: वायंगणाची शेतं, कापणीपासून मिरगापर्यंत.
मालकी कोमुनिदादची.
मधून बांध जातो, मुलं त्याला पाचवा बॅक म्हणतात
आणि त्याला चुकवायला शिकतात
चालायला शिकल्या शिकल्या.
पट्टी डकवली. आणखी एक डकवली.

अर्ज परत आला. चौदाव्याभोवती लाल गोल,
बाजूला: अपूर्ण.
गोल हातानं काढलेला, बराच नीट.

कपाट रिकामं करायला सांगितलं त्या दिवशी
तळाशी शिक्का सापडला: नोंदणीकृत खेळाडू.
तेवढा मी घरी आणला. चोरी म्हणा.

आता मार्चमधे शेतात वाड्यावाड्यांच्या स्पर्धा होतात, सात-सातच्या.
कायतान गुडघे धरून शिट्टी वाजवतो.
मी बांधावर टेबल घेऊन बसतो, तिकिटाऐवजी
प्रत्येक मनगटावर शिक्का.
घामानं उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचा.

काल आल्डाच्या मुलीनं दोन्ही हात पुढं केले.
म्हटलं, बाय, एकच.
ती म्हणाली, हा माझ्या भावाचा,
त्याला ताप आहे, तो घरी आहे.

नियमात बसत नाही.
शाईची गादी सुकत आली होती,
जरा जोरात दाबावं लागलं.