न

फहाहीलमध्ये, रसाच्या दुकानावरच्या दवाखान्यात
बायकांच्या बाजूला माझी खोली.
एक पलंग, एक स्टूल, हातमोज्यांचा खोका.
बाहेर ऑगस्ट. खिडकीच्या काचेनं चटका बसतो,
आणि वारा अहमदीकडून फिरला की
पडद्यालासुद्धा तेलाचा वास येतो.

इथं येतात त्यांचा जबडा दुखत असतो.
आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या असतात, मग दाताच्या.
एकीनं तर चांगली दाढ काढून घेतली होती.
शेवटी कुणीतरी चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवतं.

जबडा मला कॉलेजच्या आधीपासून माहीत.
कवठ्याच्या बाजारात बापाचं दुकान,
एक खुर्ची, पारा उडालेला आरसा.
गिऱ्हाइकाच्या गालफडावर अंगठा टेकवायचा
आणि ते गेल्यावर मला सांगायचा,
हा घरात भांडून आलाय. ह्याची जमीन कोर्टात अडकलीय.
साबणाखाली गाठ लागते, म्हणायचा, सुपारीएवढी.
पोरीच्या जातीनं वस्तऱ्याला हात लावायचा नाही.
मी वाटी धरायची. वाटी धरून जे दिसलं ते शिकले.
आता फोनवर विचारतो, नक्की करतेस काय तिथं?
तुमचंच, अण्णा. फक्त वस्तरा नाही.

मंगळवारी शायनीनं बाहेरून हाक दिली, हाउसा!
मला वाटलं आफ्रिकेतली असेल कुणी.
काळा अबाया, बाहीला वेलदोड्याचा वास,
स्वयंपाकीण, अकरा वर्षं एकाच घरात.
बोलली हिंदीत, इथल्या सगळ्यांच्या हिंदीत,
क्रियापदं विमानतळावरच राहून गेलेली.
इधर दर्द. रोटी मुश्किल. रात को दाँत का आवाज.
तोंड उघडायला सांगून पट्टी लावली.
सव्वीस मिलिमीटर. जेमतेम दोन बोटं.
उघडताना डाव्या कानापाशी कट्,
कुणी चोरून कडी काढावी तसं.

आधी कानशिलं, केसांच्या कडेकडेनं.
मग गालफडं, वरून खाली, धीरानं.
सुपारी होती. दोन्हीकडं.
मग मोजा चढवून आत, शेवटच्या दाढेच्याही मागं,
जिथं बोट पोचलं की
भल्याभल्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी येतं.
दुखलं तर हात वर करा, असं मी आधी सांगते.
तिनं हात वर केला नाही.
घशातून आलं, आई गं, मेले.

कुठल्या हो तुम्ही?
तिला सांगता येईना, माझंच बोट तोंडात.
डोळे तेवढे मोठे झाले.
बोट काढलं तशी म्हणाली, आजऱ्याची. हौसा. हौसाबाई.
दोघी हसलो. ती एकाच बाजूनं, जपून.

मग बोलली. रडगाणं नाही.
मॅडम वाईट नाही, इथली फी तिनंच भरली.
पोरं आईपेक्षा हिच्या हातचं जास्त जेवतात.
फक्त हाज़िर म्हणायचं. पहाटे पाचला, रात्री बाराला,
पाहुणे आले की, गेले की, विसरलेलं काही न्यायला परत आले की.
शाळेत हजर म्हटलं की बसायला मिळायचं, म्हणाली,
इथं म्हटलं की उठायचं.

पुढचं सगळ्यांना शिकवते तेच तिला शिकवलं.
ओठ मिटलेले. दात सुटे, एकमेकांना न टेकता.
जिभेचा शेंडा वर, पुढच्या दातांच्या मागं,
न म्हणताना टेकतो तिथं.
दिवसभर तिथंच ठेवायचा.
चपात्या लाटताना, लिफ्टमध्ये,
कुणी हाक मारली तरी.

न?
न. नळाचा.
म्हणायचा नाही, नुसता धरून ठेवायचा.

तिनं आरशात बघून दोनदा करून पाहिलं.
माझ्या बोटांखालची गाठ
थोडी, अगदी थोडी, खाली बसली.

पुढच्या मंगळवारी एकतीस.
त्याच्या पुढच्या मंगळवारी आली नाही.
शायनीनं फोन लावला, लागला नाही.
पाहुणे असतील. गावी गेली असेल. काहीही असेल.

रात्री मंगाफच्या खोलीत दिवा घालवल्यावर कळलं,
माझेच दात एकमेकांवर घट्ट बसलेत.
सोडवले. जीभ वर नेली.
खाली पाण्याचा टँकर
पीं पीं करत मागं मागं येत होता.
तो थांबला तरी मी बराच वेळ
धरून ठेवला.