लिटरमागे

वहीत दोन रकाने आहेत.
सोम-मंगळ-बुध इनासचे, उरलेले तीन दिप्तेशचे.
गाडी एकच. पांढरा टेम्पो, मागे सोड्याचे क्रेट,
डाव्या दाराला पोचा, तो माझ्या लग्नाआधीचा.
पंप एकच, माशेलचा. टायरांत हवा मी समोर उभी राहून भरून घेते.
तरी इनासला लिटरमागे सतरा पडतात
आणि दिप्तेशला बारा. फार तर साडेबारा.

पहिल्यांदा जे मनात आलं ते चांगलं नव्हतं.
रात्री टॉर्च घेऊन टाकीत वेताची काडी घातली,
ओलं लागलं तिथे खिळ्याने खूण केली.
सकाळी काडी तेवढीच ओली.
मग कुर्टीचा मेकॅनिक. त्याने फिल्टर फुंकला,
नॉझल उन्हात धरून पाहिला, हात पुसत म्हणाला,
बाये, गाडीक कांय जावंक ना.
गाडीला काही झालेलं नाही म्हणून
इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

म्हणून शेजारी बसले. आधी दिप्तेशच्या.
फोंड्याचा सिग्नल लांबूनच तांबडा दिसतोय
तरी हा त्याच्यापर्यंत धावत जातो,
जणू उशीर झाला तर दुसराच कुणी नेईल तो सिग्नल.
मग ब्रेक. मागे बाराशे बाटल्या दात वाजवतात.
चार वर्षं त्याने स्टँडवर पिवळी पायलट चालवली.
बस थांबायच्या आत दाराशी पोचायचं,
पोचला तो जेवला.
स्टँड सुटलं. पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

इनासच्या शेजारी मला झोप आली.
सव्वीस वर्षं नार्वे-दिवाडी फेरी,
रोज किती खेपा, त्याने मोजल्या नाहीत.
बाणस्तारीच्या पुलाआधी त्याने पाय इतक्या लवकर काढला
की मला वाटलं, इंजिन बंद पडलं.
पुढे बस उभी होती, माणसं उतरत होती,
एक म्हातारी टोपलीसकट.
आम्ही तिथवर पोचलो तेव्हा बस निघून गेली होती,
म्हातारीही रस्त्यापलीकडे.
त्याने ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावलाच नाही.
फेरीक ब्रेक आसता काय, तो म्हणाला.
काठ दिसला की हात काढायचा.
उरलेलं पाणी करतं.

(मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, हेही लिहून ठेवते.
आणि म्हार्दोळच्या दुकानदाराचा फोन आला होता:
तुमचा सोडा पोचतो तोवर गिऱ्हाईक पाणी पिऊन जातं.
हा रकाना वहीत नाही.)

मला वाटलं, उत्तर मिळालं.
दिप्तेशला समजावलं, त्याने मान हलवली,
त्या आठवड्यात अकरा पडले.

मग ऑगस्टातला तो शनिवार.
दिवाडीला बोंदेरा, इनास झेंडा घेऊन आपल्या वाड्याच्या लोकांत,
दिप्तेश तापाने पडलेला,
आणि एका लग्नाला चाळीस क्रेट कबूल केलेले.
लायसन्स मला होतं. किल्लीही मीच ठेवते.

फर्मागुढीच्या चढाला कळलं, डावा पाय क्लचवरून उठतच नाहीये.
अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला,
सासरी पहिल्या वर्षी मी पाटावर बसायचे तशी,
हाक आली तर उठता यावं म्हणून.
सगळे क्रेट पोचले. बाटली एकही फुटली नाही.
येताना क्लचचा जळका वास कुंडईपर्यंत सोबत होता.

संध्याकाळी टाकी भरली, भागाकार केला,
पुन्हा केला.
नऊ.

ते पान फाडता आलं असतं.
तिसरा रकाना आखला, वर माझं नाव घातलं, खाली नऊ.

सोमवारी इनासने वही उलटी धरून वाचली,
काही बोलला नाही, चावी मागितली.
गुरुवारी दिप्तेशने वाचली आणि इतका हसला
की ताप उतरल्याची खात्री पटली.
बाये, पांय उखल गो, म्हणाला,
आणि गाडी काढली. दारातून, जरा हळूच.

बाटल्या वाजतात का म्हणून
वळणापर्यंत ऐकत उभी राहिले.
वाजल्या. पण उशिरा.